एक ओळ बदलली आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी: फॉरमॅटिंगचा वारंवार होणारा घोळ कसा निस्तरायचा

बाणेर, कोथरूड, कर्वे रस्ता या पट्ट्यातल्या छोट्या वेब टीम्सचे प्रोजेक्ट लावून देणं आणि अडलेले मार्गी लावणं हे माझं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळा निस्तरलेला बिघाड हाच: बदल एका ओळीचा, पण डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या मजकुरातला फरक दाखवणाऱ्या यादीत, अख्खी फाइल बदललेली. कारणही उघड आहे. डिझाइन बघणारीकडे मॅक, बॅकएंडवाल्याकडे उबुंटू, इंजिनिअरिंग कॉलेजातून इंटर्नशिपला आलेल्या मुलांकडे विंडोजचे लॅपटॉप आणि सर्व्हर लिनक्सचा. सगळे एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे गिटने सांभाळलेल्या कोडच्या साठ्यात, लिहितात आणि प्रत्येकाचा एडिटर सेव्ह करताना आपल्या समजुतीप्रमाणे फाइल ‘नीट’ करतो. मग माणसं एकमेकांवर वैतागतात. भांडण असतं टूल्सचं, आणि ते रिपॉझिटरीतच मिटवावं लागतं. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर जाऊन ते मिटत नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलवर नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करा.

लक्षणं

यातली एक-दोन जरी दिसत असली, तरी तुमचा बिघाड हाच आहे:

- बदल एका ओळीचा, पण पुल रिक्वेस्टमध्ये (‘माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ या विनंतीत) शेकडो ओळी बदललेल्या. जुनी आणि नवी ओळ शेजारी ठेवून वाचली तर शब्दशः सारखी.
- प्रोजेक्ट नुकताच क्लोन केला, कशाला हात लावला नाही, तरी गिट स्टेटस दहा-वीस फाइली ‘मॉडिफाइड’ दाखवतो. चेकआउट करून बदल टाकून दिले तरी त्या परत येतात.
- विंडोजवर प्रत्येक ओळीखाली लाल रेघ, आणि ईएसलिंट (कोडमधल्या चुका शोधणारं टूल) व प्रेटिअर (कोडची मांडणी करणारा फॉरमॅटर) यांचा संदेश: ‘डिलीट’, पुढे बारीक अक्षरांत सीआर.
- एकाच्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी होतात, दुसऱ्याच्या कमिटमध्ये दुहेरीची पुन्हा एकेरी.
- आपल्या मशीनवर फॉरमॅटची तपासणी पास, सीआयवर (कोड पाठवल्यावर सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासणीत) नापास.
- शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर डोळ्यांसमोर दिसते, पण चालवली की ‘नो सच फाइल’ असं उत्तर.
- गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) लावला तर सगळ्या फाइलवर एकाच माणसाचं नाव, आणि तो तर मागच्याच महिन्यात रुजू झालेला.

‘फॉरमॅटिंगच तर आहे, चालायचंच’ म्हणून हे सोडून देऊ नका. ऑर्डर फॉर्मची एक फाइल मी पाहिली आहे. डिफमध्ये जवळजवळ सगळ्या ओळी बदललेल्या, त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्याने वरवर पाहून मान्यता दिली. त्या गर्दीत सवलतीची अट ‘५०० किंवा जास्त’ होती ती ‘५०० पेक्षा जास्त’ झाली होती. बरोबर ५०० रुपयांची खरेदी करणाऱ्यांची सवलत गेली आणि तक्रारी येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. एका चिन्हाचा फरक होता. स्वच्छ डिफमध्ये तो एकटाच दिसला असता.

१. मोकळी जागा वगळून डिफ बघा

काही बसवायचं नाही, काही बदलायचं नाही. ‘गिट डिफ -डब्ल्यू’ चालवा. गिटहबवर पुल रिक्वेस्टच्या फाइल्सच्या टॅबमध्ये गिअरच्या चिन्हाखाली व्हाइटस्पेस लपवायची सोय आहे.

ही तपासणी पहिली, कारण पुढची वाट हीच ठरवते. डिफ एकदम आकसून तुमची खरी ओळ तेवढी उरली, तर दोष ओळींच्या शेवटाचा किंवा इंडेंटचा (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेचा) आहे. दोन्हींतला कुठला, हे ‘--इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल’ हा पर्याय देऊन पुन्हा बघितलं की कळतं: यानेही डिफ आकसला तर ओळीचा शेवट, नाहीतर टॅब-स्पेस. आणि ‘-डब्ल्यू’ देऊनही अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, मोडलेल्या ओळी दिसतच राहिल्या, तर कुठलातरी फॉरमॅटर चालतोय. मग थेट तिसऱ्या तपासणीवर जा.

मोकळी जागा लपवलेल्या डिफवर मान्यता मात्र देऊ नका. पायथॉन आणि वायएएमएलमध्ये इंडेंटला अर्थ असतो. तिथे दोन स्पेस सरकल्या की प्रोग्रॅमच बदलतो.

२. ओळीचा शेवट

विंडोजवर ओळ दोन अक्षरांनी संपते, सीआर आणि एलएफ, म्हणजे १३ आणि १० क्रमांकाचे बाइट. लिनक्स आणि मॅकवर नुसता एलएफ. डोळ्यांना काही दिसत नाही, पण गिटच्या दृष्टीने प्रत्येक ओळ वेगळी होते. शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावाला तो सीआर चिकटला, की लिनक्स त्या विचित्र नावाचा प्रोग्रॅम शोधायला जातो आणि फाइल नाही म्हणून सांगतो. स्क्रिप्ट जागेवरच असते, सापडत नाही तो इंटरप्रिटर.

आधी सोपं बघा. व्हीएस कोडमध्ये फाइल उघडली की खाली उजवीकडच्या पट्टीत ‘एलएफ’ किंवा ‘सीआरएलएफ’ लिहिलेलं असतं. दोघांनी एकच फाइल उघडून तेवढं वाचून दाखवलं तरी निम्मा उलगडा होतो.

मग पूर्ण चित्र: ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’. प्रत्येक फाइलपुढे तीन गोष्टी येतात. ‘आय’ म्हणजे गिटच्या इंडेक्समध्ये काय आहे, ‘डब्ल्यू’ म्हणजे तुमच्या फोल्डरमध्ये काय आहे, आणि ‘ॲट्र’ म्हणजे रिपॉझिटरीने काही नियम घातला आहे का. निरोगी प्रोजेक्टमध्ये पहिल्या रकान्यात सगळ्या मजकुराच्या फाइलींपुढे एलएफ दिसतो. तिथे सीआरएलएफ किंवा ‘मिक्स्ड’ दिसलं, की बिघाड सापडला. मिक्स्ड सगळ्यात त्रासाचं, कारण त्याच फाइलमध्ये दोन्ही प्रकार असतात आणि प्रत्येक एडिटर त्यांचं वेगळं काहीतरी करतो.

विंडोजवर गिट बसवताना इन्स्टॉलर याबद्दल विचारतो. बहुतेक मुलं ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जातात, आणि ‘कोअर डॉट ऑटोसीआरएलएफ’ सुरू होतं: फाइल बाहेर काढताना सीआरएलएफ, कमिट करताना एलएफ. ज्याने वेगळा पर्याय निवडला त्याच्याकडे वेगळं होतं. टीमला बसवून सगळ्यांची सेटिंग सारखी करणं हा उपाय मी करत नाही. ती सेटिंग क्लोनबरोबर जात नाही, आणि पुढच्या जूनमध्ये नवे इंटर्न आले की पहिले पाढे पंचावन्न.

टिकणारा उपाय रिपॉझिटरीत राहतो. मुळाशी ‘डॉट गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत तारा (म्हणजे सगळ्या फाइली), मग ‘टेक्स्ट=ऑटो’ आणि ‘ईओएल=एलएफ’. विंडोजच्या बॅच फाइली असतील तर त्यांच्यापुरतं सीआरएलएफ. चित्रं, फॉन्ट, पीडीएफ यांना ‘बायनरी’ म्हणून स्पष्ट सांगा. मग ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ डॉट’ चालवा आणि जे बदललं ते वेगळ्या कमिटमध्ये टाका. त्या कमिटमध्ये दुसरं एकही अक्षर नको. कमिट करण्यापूर्वी गिट स्टेटसची यादी पूर्ण वाचा. त्यात एखादं चित्र किंवा फॉन्ट दिसला तर तिथेच थांबा. का, ते खाली आहे.

‘डिलीट सीआर’च्या तक्रारीवर एक झटपट उपाय सर्रास सांगितला जातो: प्रेटिअरच्या सेटिंगमध्ये ‘एंडऑफलाइन’ला ‘ऑटो’ करा. कृपया करू नका. लाल रेघा जातात, पण प्रेटिअर फाइलमध्ये जे सापडेल तेच योग्य मानायला लागतो आणि मिश्र ओळींचा आजार दडून राहतो. प्रेटिअरने २०२० मध्ये आवृत्ती २.० पासून ही सेटिंग मुद्दाम ‘ऑटो’वरून ‘एलएफ’वर आणली.

३. सेव्ह करताना नक्की कोण फॉरमॅट करतंय

व्हीएस कोडमध्ये ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ चालू असलं, तरी फॉरमॅट कोण करणार हा प्रश्न वेगळा. जावास्क्रिप्ट आणि एचटीएमएलसाठी व्हीएस कोडचा स्वतःचा फॉरमॅटर आहे. त्याशिवाय कधीतरी बसवलेलं एखादं ‘ब्युटिफाय’ एक्स्टेंशन, आणि प्रेटिअर. फाइलमध्ये राइट क्लिक करून ‘फॉरमॅट डॉक्युमेंट विथ’ उघडा. रांगेत कोण कोण उभे आहेत आणि डिफॉल्ट कोण, ते दिसतं.

हे टीममधल्या दोघांच्या मशीनवर बघा. एकाच्या बघून काही कळत नाही.

डिफॉल्ट फॉरमॅटर प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगमध्ये न ठेवता प्रोजेक्टच्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमधल्या सेटिंग्ज फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल कमिट करा. कुणी वेगळा एडिटर वापरत असेल तर ‘एडिटरकॉन्फिग’ची फाइलही ठेवा. इंडेंट, ओळीचा शेवट, कॅरेक्टर सेट एवढं सांगायला ती पुरते आणि बरेच एडिटर ती आपणहून वाचतात. व्हीएस कोडला त्यासाठी एक्स्टेंशन लागतं.

४. आवृत्ती

टूल एकच, सेटिंग एकच, तरी निकाल वेगळा? आवृत्ती बघा. ‘एनपीएम एलएस प्रेटिअर’ प्रत्येकाने चालवायचं.

प्रेटिअरची मोठी आवृत्ती बदलली की आपण न लिहिलेल्या सेटिंगची मूळ किंमत बदलू शकते. २.० मध्ये एका पॅरामीटरच्या ॲरो फंक्शनला कंस सक्तीचे झाले. २०२३ मध्ये आलेल्या ३.० पासून यादीच्या शेवटचा स्वल्पविराम जिथे जिथे चालतो तिथे सगळीकडे येतो, फंक्शनच्या आर्ग्युमेंटमध्येसुद्धा. म्हणजे एकाकडे २ आणि दुसऱ्याकडे ३ असेल, तर तो स्वल्पविराम रोज येणार आणि रोज जाणार. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन प्रोजेक्टमध्ये प्रेटिअर बसवलेलं असेल तर ते वापरतं, नसेल तर स्वतःबरोबर आणलेलं वापरतं. त्यामुळे ज्याने ‘एनपीएम इन्स्टॉल’ केलंच नाही, त्याच्याकडे वेगळाच प्रेटिअर चालतो. ‘आउटपुट’ पॅनेलमध्ये प्रेटिअर निवडलं की कुठला चालला ते वाचायला मिळतं.

पॅकेज जेसनमध्ये प्रेटिअरच्या आवृत्तीआधीचं कॅरेटचं चिन्ह काढून अचूक आकडा लिहा. प्रेटिअरच्या माहितीपुस्तिकेतही हेच सांगितलं आहे. लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कमिट करा आणि सीआयवर ‘एनपीएम सीआय’ वापरा. ती कमांड लॉक फाइलप्रमाणेच बसवते.

याच पायरीवर अजून एक बघून घ्या: प्रोजेक्टच्या आत कुठल्या उपफोल्डरमध्ये दुसरी प्रेटिअरची कॉन्फिग पडली आहे का. फाइलच्या सगळ्यात जवळची कॉन्फिग लागू होते आणि वरची तिच्यात मिसळली जात नाही. जुना टेम्प्लेट कॉपी करून आणलेल्या ॲडमिन पॅनेलच्या फोल्डरमध्ये ती हमखास सापडते.

५. ईएसलिंट आणि प्रेटिअरची ओढाताण

ओळखायची खूण सोपी आहे. सेव्ह केलं की ओळ मोडते, ईएसलिंटचा ‘फिक्स’ चालला की परत जुळते, पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा मोडते. दोघांकडेही फॉरमॅटिंगचे नियम दिले आहेत आणि ते जुळत नाहीत.

माझं मत ठाम आहे: फॉरमॅटिंग प्रेटिअरकडे, चुका पकडणं ईएसलिंटकडे. न वापरलेलं व्हेरिएबल, दुहेरी बरोबरच्या जागी तिहेरी हवं होतं ते, कधीच न चालणारा कोड, हे ईएसलिंटने बघावं. ईएसलिंटच्या कर्त्यांनीही नोव्हेंबर २०२३ मध्ये आवृत्ती ८.५३ पासून आपले फॉरमॅटिंगचे नियम मोडीत काढले. ‘ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटिअर’ हे पॅकेज बसवा आणि कॉन्फिगच्या यादीत शेवटी ठेवा. आधी ठेवलं तर त्याने बंद केलेले नियम नंतरच्या कॉन्फिग पुन्हा चालू करतात आणि काहीच उपयोग होत नाही. हेच पॅकेज ‘एनपीएक्स’ने एखाद्या फाइलचा पत्ता देऊन चालवलं, तर अजून टकरावणाऱ्या नियमांची नावं सांगतं.

६. मराठी मजकूर असेल तर: सारखी दिसणारी, वेगळी असलेली अक्षरं

मराठी वेबसाइटच्या भाषांतराच्या फाइलींत हा प्रकार इतक्यांदा भेटतो की त्यासाठी वेगळी पायरी हवीच. डिफमध्ये ओळ बदललेली दिसते, ओळीचा शेवट ठीक, स्पेस ठीक, ‘-डब्ल्यू’नेही जात नाही, आणि फॉरमॅटरचा काही संबंध नाही.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टाकून पुढे हलन्त आणि ‘य’ लावतात. काही साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारा जोडचिन्हाचा कोड आणि ‘य’ टाकतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये शब्द चिकटवून त्याची ‘लेंग्थ’ विचारा: पहिल्याची ७ येते, दुसऱ्याची ८. ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ एकसंध टाकला तर लांबी २. ‘अ’, जोडचिन्ह आणि चंद्र असा टाकला तर ४.

याचा त्रास डिफपुरता राहत नाही. साइटवरच्या शोधात एका प्रकाराने टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकारातला मजकूर शोधत नाही, आणि मजकुराची तुलना करणाऱ्या टेस्ट विनाकारण पडतात. युनिकोडचं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शनही हे दोन प्रकार एक करत नाही.

टीमने एक रूप ठरवा. मी ‘ऱ’ आणि ‘ॲ’ ही स्वतंत्र अक्षरं घ्यायला सांगते. मग छोटी स्क्रिप्ट लिहून भाषांतराच्या फाइलींत तेवढ्याच जोड्या बदला. सगळी जोडचिन्हं सरसकट पुसून टाकू नका. ती पुसली की ‘य’वर रफार चढतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणजे सह्याद्रीच्या घाटाबद्दल लिहिलेल्या पानावर समुद्र येतो. कुटुंबाचे वगैरे इमोजीही त्याच चिन्हाने जोडलेले असतात, तेही सुटे होतात.

याच फाइलींत अजून एक पाहुणा सापडतो, बीओएम. जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट चिकटायचे. दिसत नाहीत, पण जेसन वाचताना पहिल्याच अक्षरावर चूक येते. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ दिसलं तर साध्या यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा.

७. सगळा प्रोजेक्ट एकदाच फॉरमॅट करणं

वरचं सगळं झाल्यावरच. कारणं शिल्लक असताना हे केलं, तर दोन आठवड्यांत पुन्हा तीच गत.

वेळ निवडताना रिलीजच्या आदला आठवडा टाळा. उघड्या ब्रँच जितक्या मर्ज होतील तितक्या आधी करून घ्या. ‘प्रेटिअरइग्नोर’मध्ये बिल्डचा माल, मिनिफाय केलेल्या (मोकळी जागा काढून आकसवलेल्या) फाइली आणि बाहेरून आणलेला कोड घाला. मग प्रेटिअर सगळ्यावर चालवा, टेस्ट चालवा आणि ब्राउझरमध्ये मुख्य पानं डोळ्यांनी बघा. एचटीएमएलमध्ये दोन टॅगमधली मोकळी जागा कधी कधी पानावर दिसते, आणि प्रेटिअर ती सांभाळायचा प्रयत्न करतो म्हणूनच कधी कधी टॅगचा शेवटचा कंस पुढच्या ओळीवर विचित्र लटकलेला दिसतो. तो हाताने ‘सरळ’ करायला जाऊ नका.

हे सगळं एका वेगळ्या कमिटमध्ये. त्या कमिटचा क्रमांक ‘डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या फाइलमध्ये लिहून ठेवा. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला अशी यादी देता येते, आणि गिटहब ही फाइल आपणहून वाचतं. त्यामुळे ओळ खरी कुणी लिहिली हे दिसत राहतं. नव्या माणसाला प्रश्न कुणाला विचारायचा हे त्यावरूनच कळतं.

राहिलेल्या ब्रँचमध्ये नुसत्या ओळींच्या शेवटामुळे संघर्ष येत असेल, तर मर्ज करताना ‘-एक्स रीनॉर्मलाइझ’ द्या. बरेचसे संघर्ष येतच नाहीत.

शेवटी पहारा. हस्की आणि लिंट-स्टेज्ड या टूल्सनी कमिटच्या आधी बदललेल्या फाइली फॉरमॅट होतील असं लावा, पण भिस्त त्यावर ठेवू नका. ‘--नो-व्हेरिफाय’ दिलं की ते टळतं. सीआयवर ‘प्रेटिअर --चेक’ लावा आणि तो नापास असेल तर मर्ज अडवा. रिव्ह्यूमध्ये स्वल्पविरामावरून होणारी चर्चा त्या दिवसापासून बंद होते, आणि वेळ उरतो तो नावांकडे बघायला. एकाच फाइलमध्ये ‘टोटल’, ‘एकूण’ आणि ‘रक्कम’ अशी तीन व्हेरिएबल एकाच आकड्यासाठी असतील, तर ते कुठलाही फॉरमॅटर दुरुस्त करत नाही. ते माणसानेच वाचून सांगावं लागतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- रीनॉर्मलाइझ केल्यावर चित्रं, फॉन्ट, पीडीएफ बदललेले दिसले तर. गिटने त्यांना मजकूर समजून त्यांच्यातले बाइट बदलले की त्या फाइली खराब होतात. कमिट करू नका. आधीच झालं असेल तर पुढे काहीही न करता रिपॉझिटरी सांभाळणाऱ्याला सांगा.
- कुणी ‘इतिहासच पुन्हा लिहू आणि फोर्स पुश करू’ असं सुचवलं तर. सगळ्यांच्या ब्रँच तुटतात. हे काम आधी केलेल्या माणसाशिवाय हात लावायचा नाही.
- फॉरमॅट केल्यावर एखादी टेस्ट पडली किंवा पानाचं वागणं बदललं तर. फॉरमॅटरने अर्थ बदलणं अपेक्षित नाही. पैशांच्या व्यवहाराचं पान असेल तर फॉरमॅटिंगचं कमिट मागे घ्या आणि तो कोड लिहिणाऱ्याबरोबर बसून कारण शोधा.
- सर्व्हरवरच्या फाइली कुणी एफटीपीने थेट बदलत असेल तर. एफटीपीच्या ‘ॲस्की’ मोडमध्ये वाटेतच ओळींचे शेवट बदलतात, आणि सर्व्हरवरचा कोड रिपॉझिटरीशी जुळतच नसतो. आधी डिप्लॉय सांभाळणाऱ्याने ते दोन्ही जुळवायला हवेत. तोपर्यंत वरच्या कुठल्याही पायरीचा उपयोग नाही.
- सबमॉड्यूल (आत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) किंवा दुसऱ्या टीमचा कोड असेल तर. तो त्यांच्या नियमाने चालतो, तुमच्या फॉरमॅटरने नाही.

बोलवाल तेव्हा ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’चं पूर्ण आउटपुट, दोन वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रेटिअर आणि गिटच्या आवृत्त्या, आणि ज्यात बिघाड दिसतो असं एकच छोटं कमिट आधी पाठवून ठेवा.